अरेंजर कीबोर्ड : पट्टीचा टच आणि आवाजाचे इंजिन

अरेंजर कीबोर्डवर डाव्या हाताने कॉर्ड धरली की ताल, बास, गिटार आणि व्हायोलिनचा ताफा त्या कॉर्डप्रमाणे वाजू लागतो, आणि उजवा हात चाल वाजवायला मोकळा राहतो. जिथे आठ-दहा वादक जमवणे परवडत नाही, तिथे या वाद्याने घर केले आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये त्याचे क्षेत्र बरेच मोठे आहे. चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरचे आचार्य अत्रे रंगमंदिर आणि भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह इथले जुन्या गाण्यांचे कार्यक्रम, सोसायट्यांच्या गणेशोत्सवातले मंच, लग्नाचे ऑर्केस्ट्रे, भजनी मंडळांच्या बैठका अशा सगळ्या ठिकाणी हे वाद्य लागते.

दुकानात कीबोर्ड निवडताना पहिला प्रश्न बहुधा ‘टोन किती?’ हा असतो. सहाशे टोनपेक्षा आठशे टोनचा कीबोर्ड सरस, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात वाद्याचा कस दोन गोष्टींवर ठरतो. एक म्हणजे पट्टीचा टच, आणि दुसरी म्हणजे आवाज घडवणारे साउंड इंजिन. या दोन्ही गोष्टी एकत्रच तपासाव्या लागतात, कारण बोटांनी काय केले हे इंजिनाला फक्त पट्टीकडून आणि हाताशी असलेल्या काड्या-पेडलांकडून कळते. पट्टीने जे सांगितले नाही, ते कितीही महागडे इंजिन वाजवू शकत नाही. आणि पट्टीने सांगितलेले इंजिनाला समजत नसेल, तर उत्तम पट्टीही वाया जाते.

पेटीवर तयार झालेली बोटे

महाराष्ट्रातले अनेक कीबोर्डवादक आधी पेटी शिकलेले असतात. पॅरिसमध्ये १८४०च्या सुमारास अलेक्झांडर देबँ याने घडवलेले हार्मोनियम पायाने भाता मारून वाजवायचे होते. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी ते मांडी घालून, एका हाताने भाता मारत वाजवण्याजोगे केले. पुढे संगीत नाटकांनी ते मराठी घराघरांत पोहोचवले आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी त्याला एकलवादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली.

पेटीच्या पट्टीचे काम एवढेच, की खालची झडप उघडायची आणि रीडवरून हवा जाऊ द्यायची. पट्टी जोरात आपटली किंवा हळूच दाबली, तरी आवाज तेवढाच येतो. आवाज लहान-मोठा करणे, सूर फुलवणे, शेवटी विरवत नेणे हे सगळे काम डाव्या हातातल्या भात्याचे असते. म्हणून पेटीवाल्याच्या बोटांना वेग आणि सफाईची सवय असते, पण प्रत्येक बोटाचा जोर मोजण्याची सवय नसते.

असा वादक टच असलेल्या कीबोर्डवर बसला, की एक सूर दबका तर दुसरा धाडकन येतो. करंगळी आणि अनामिकेचे सूर मागे पडतात, अंगठ्याचे पुढे येतात. दोष बोटांत नसतो. पेटीवर भाता जे काम करत होता, ते इथे कुणाला तरी सोपवावे लागते. बासरी, शहनाई, व्हायोलिन, सारंगी अशा टिकणाऱ्या सुरांसाठी ते काम पायाखालच्या एक्स्प्रेशन पेडलला देता येते. टच ‘फिक्स्ड’ करून पेडलने आवाज फुलवला, की पेटीची बोटे जशीच्या तशी कामी येतात. पियानो, संतूर, गिटार, तबला या आघाताच्या वाद्यांसाठी मात्र बोटांनी जोर मोजायला शिकणे अटळ आहे, कारण त्या वाद्यांत सूर निघाल्यानंतर तो फुलवण्याची सोयच नसते.

पट्टीच्या आत काय असते

साध्या कीबोर्डची पट्टी म्हणजे साच्यात ओतलेला प्लास्टिकचा भाग, मागच्या टोकाला बिजागरीसारखा टेकू, परत वर आणणारी स्प्रिंग आणि खाली सिलिकॉन रबराची पट्टिका. भोसरी ते चाकण पट्ट्यातल्या शेकडो लहान कारखान्यांत वाहनांसाठी नेमकी हीच कामे चालतात : प्लास्टिक मोल्डिंग, स्प्रिंग, रबर. त्यामुळे स्प्रिंगचा ताण, साच्याची अचूकता आणि टेकूतली ढिलाई यांनी भागाची चाल कशी बदलते, हे या भागातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. पट्टीचा टच या तीन गोष्टींतूनच ठरतो.

पट्ट्यांचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिला स्प्रिंगवरचा हलका प्रकार. त्याला सिंथ ॲक्शन किंवा ऑर्गन टच म्हणतात. दुसरा सेमी-वेटेड : स्प्रिंग असतेच, शिवाय पट्टीला थोडे वजन दिलेले असते, त्यामुळे ती बोटाखाली स्थिर वाटते. तिसरा हॅमर ॲक्शन, ज्यात प्रत्येक पट्टीमागे खरोखरीचा हातोडीसारखा भार हलतो. पियानोची पट्टी साधारण दहा मिलिमीटर खाली जाते आणि ती खाली न्यायला सुमारे पन्नास ग्रॅम भार लागतो. हॅमर ॲक्शन त्या अनुभवाच्या जवळ जाते. अरेंजरमध्ये बहुतेक वेळा पहिले दोन प्रकार वापरतात. जलद ताना, ऑर्गनचे सरकते सूर आणि एकाच पट्टीवरचे भराभर आघात हलक्या पट्टीवर सोपे जातात. वाद्य उचलून नेणाऱ्या ऑर्केस्ट्रावाल्याला वजनही कमी हवे असते.

टच म्हटल्यावर लोक पट्टी हलकी की जड एवढेच पाहतात. टेकू किती मागे आहे, हे त्याहून महत्त्वाचे असते. स्वस्त कीबोर्डमध्ये पट्टी आतल्या बाजूला आखूड असते. अशा पट्टीच्या पुढच्या कडेवर बोट टेकले तर ती सहज दबते, पण काळ्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत, टेकूजवळ, दाबायला बराच जास्त जोर लागतो. पाश्चात्त्य धड्यांची सुरुवात पांढऱ्या पट्ट्यांवर होते, त्यामुळे हा दोष लवकर लक्षात येत नाही. मराठी गायक मात्र अनेकदा काळी एक, काळी चार, काळी पाच या पट्टीत गातात. तिथे हात काळ्या पट्ट्यांमध्ये आत शिरूनच वाजतो, आणि आखूड पट्टीवर त्याच जागी सूर कमी-जास्त येऊ लागतात. ट्रान्सपोजचे बटण वापरून पांढऱ्या पट्ट्यांवरच वाजवणे ही त्यावरची एक सोय आहे, पण काळी चारवर बसलेला हात ती सहजासहजी स्वीकारत नाही.

पट्टी जोर कसा मोजते

कीबोर्ड प्रत्यक्षात बोटाचा जोर मोजत नाही. तो वेळ मोजतो. प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्क असतात. पट्टी खाली जाताना आधी पहिला मिटतो, मग दुसरा. मधला अवधी कमी म्हणजे पट्टी वेगाने गेली, म्हणजे आघात जोरात. हा वेग १ ते १२७ या आकड्यांत इंजिनाला कळवला जातो. आकड्यांची ही मोजपट्टी १९८३मध्ये आलेल्या मिडी या प्रमाणाने सर्व कंपन्यांसाठी एकसारखी झाली.

मिडीचा आकडा एकच असला, तरी तो कसा काढायचा हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. म्हणूनच एकाच बोटाने दोन कीबोर्डवर सारखा आघात केला, तरी एकावर ७० तर दुसऱ्यावर ९५ येऊ शकतो. सेटिंगमधले ‘सॉफ्ट’, ‘मीडियम’, ‘हार्ड’ हे पर्याय या मापाचा वक्र बदलतात. वाद्य परके वाटले तर ते बदलण्याआधी हे तीन पर्याय तपासावेत. अनेकदा तेवढ्याने हात बसतो.

काही पट्ट्या याहून एक पाऊल पुढे जातात. पट्टी तळाला टेकल्यावर आणखी दाब दिला तर तोही त्या ओळखतात. याला आफ्टरटच म्हणतात. टिकणाऱ्या सुरावर दाब वाढवून कंप देणे, आवाज फुलवणे किंवा सूर किंचित चढवणे त्यामुळे बोटानेच जमते. भारतीय सुरावटीसाठी ही सोय फार मोलाची आहे, पण ती थोड्याच अरेंजरमध्ये मिळते. कोर्गच्या पीए७००मध्ये आफ्टरटच नाही, पीए१०००मध्ये आहे. यामाहाच्या पीएसआर-एसएक्स९००ची पट्टी चांगल्या दर्जाची असूनही तिला आफ्टरटच नाही. ७६ पट्ट्यांच्या जेनोसमध्ये तो आहे. कॅसिओच्या सीटी-एक्स मालिकेत आघाताचा वेग ओळखला जातो, पण आफ्टरटच नसतो. या यंत्रांच्या किमतीतल्या फरकाचे एक कारण पट्टीखालच्या या संवेदकांत आहे.

आवाजाचे इंजिन : क्लॅव्हियोलिनपासून नमुन्यांपर्यंत

इलेक्ट्रॉनिक पट्ट्यांवर भारतीय वाद्याचा आवाज काढण्याचे गाजलेले जुने उदाहरण मुंबईचे आहे. १९५४च्या ‘नागिन’ चित्रपटातला पुंगीचा आवाज संगीतकार कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन या फ्रेंच वाद्यावर वाजवला होता. हे वाद्य एका वेळी एकच सूर काढत असे. पट्टीला आघात कळत नव्हता. आवाज कमी-जास्त करायला गुडघ्याने ढकलायची दांडी होती. तरीही ती सुरावट लोकांनी पुंगीची म्हणून स्वीकारली, कारण वादकाला पुंगीचे वळण ठाऊक होते आणि वाद्याला ते वळण घेता येत होते.

पुढच्या टप्प्यात आवाज गणिताने घडू लागला. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांनी १९६७मध्ये शोधलेल्या एफएम पद्धतीत एक कंपन दुसऱ्या कंपनाला हलवते आणि त्यातून गुंतागुंतीचा नाद तयार होतो. यामाहाने हे तंत्र घेऊन १९८३मध्ये डीएक्स७ आणला. एफएमचा मोठा गुण असा, की आघाताचा आकडा थेट गणितात जातो. हळू वाजवले तर सूर मऊ, जोरात वाजवले तर झणझणीत, आणि मधल्या प्रत्येक पायरीला वेगळा रंग. लाकूड, चामडे आणि फुंकर यांचा खरा पोत मात्र त्यात आणणे कठीण होते.

आजच्या अरेंजरचे इंजिन मुख्यतः नमुन्यांवर चालते. खऱ्या वाद्याचा सूर ध्वनिमुद्रित करून स्मृतीत ठेवायचा आणि पट्टी दाबली की तो वाजवायचा. हे ऐकायला सोपे वाटते. अडचण जागेची आहे. सीडीच्या दर्जाचा एक सेकंदाचा स्टिरिओ आवाज १,७६,४०० बाइट जागा घेतो. पियानोच्या ८८ पट्ट्या, प्रत्येकीचा २० सेकंदांचा सूर आणि आघाताच्या पाच पातळ्या धरल्या, तर एकट्या पियानोला सुमारे दीड अब्ज बाइट लागतात. शेकडो टोन असलेल्या यंत्राला ही चैन परवडत नाही. म्हणून तीन-चार पट्ट्यांना मिळून एकच नमुना वापरतात, पातळ्या कमी करतात आणि सुराचा छोटा तुकडा निवडून तोच पुनःपुन्हा फिरवतात. या फिरवण्याला लूप म्हणतात.

दोन कीबोर्डमधला फरक नेमका या काटकसरीत ऐकू येतो. शेजारच्या दोन पट्ट्यांवर नमुना बदलत असेल, तर त्यांचा नादही बदलतो. आघाताच्या पातळ्या दोनच असतील, तर जोर हळूहळू वाढवताना एका ठिकाणी आवाज उडी मारतो. लूप आखूड असेल, तर सारंगी किंवा शहनाईचा लांब सूर दोन सेकंदांनंतर निर्जीव होतो. आठशे टोनांची यादी वाचून यातले काहीही कळत नाही.

वळणे कळणारी इंजिने

खरा वादक दोन सूर जोडतो, तेव्हा मधल्या क्षणात बरेच काही घडते. बासरीवाला फुंकर न तोडता बोट उचलतो, गिटारवाला तार घासून पुढे जातो. सुटे नमुने एकापाठोपाठ वाजवून ते येत नाही. यामाहाने २००५मध्ये टायरोस२मध्ये ‘सुपर आर्टिक्युलेशन’ टोन आणले. पुढचा सूर जोडून वाजवला की तोडून, आघात किती होता, हे पाहून इंजिन वेगळा नमुना निवडते. २००८च्या टायरोस३मध्ये त्याची पुढची आवृत्ती आली, ज्यात दोन सुरांमधला सांधाही जुळवला जातो. कोर्गने पीए३एक्सपासून ‘डिफाइन्ड न्युआन्स कंट्रोल’ या नावाने अशीच सोय दिली. कॅसिओने २०१८च्या सीटी-एक्स मालिकेत एआयएक्स हे नवे इंजिन घातले आणि कमी किमतीच्या यंत्रांचा आवाज लक्षणीय सुधारला. यामाहाच्या २०२३च्या जेनोस२मध्ये नमुन्यांच्या जोडीला एफएमही परत आले.

ही इंजिने पट्टीच्या माहितीवर जगतात. दोन सूर जोडलेले आहेत हे इंजिनाला कळायचे, तर पहिली पट्टी सुटण्याआधी दुसरी दबली पाहिजे. पेटीवर प्रत्येक सूर सुटा मोकळा करण्याची सवय असलेल्या हाताला अशा टोनचा निम्मा गुण मिळतच नाही. तसेच पट्टी वर यायला आळशी असेल, तर जलद तानेत नको तिथे सूर जोडले जातात.

इंजिनाची आणखी एक मर्यादा पॉलिफनीची, म्हणजे एका वेळी वाजू शकणाऱ्या आवाजांच्या संख्येची. सीटी-एक्स३०००मध्ये ती ६४ आहे, पीए१००० आणि पीएसआर-एसएक्स९००मध्ये १२८. ६४ बोटे कुणालाच नसतात, तरी हा आकडा लवकर संपतो. स्टिरिओ टोनची एक पट्टी दोन आवाज खाते. त्यावर दुसरा टोन चढवला तर चार. सस्टेन पेडल दाबून ठेवले की आधीचे सूरही मोजणीत राहतात, आणि मागे स्टाइलचे, म्हणजे आपोआप वाजणाऱ्या साथीचे, ताल, बास, गिटार, स्ट्रिंग्ज सुरू असतातच. मर्यादा ओलांडली की इंजिन जुने सूर गपकन तोडते.

मींड आणि गांधार

१९९१मध्ये ठरलेल्या जनरल मिडीच्या १२८ टोनांत सतार १०५व्या आणि शहनाई ११२व्या क्रमांकावर आहे. म्हणजे बहुतेक प्रत्येक कीबोर्डमध्ये ही दोन वाद्ये नावाला तरी असतात. ती खरी वाटतात की नाही, हे नमुन्याइतकेच सूर वाकवण्यावर ठरते. सूर वाकवणारे पिचबेंड सुरुवातीला दोन अर्धस्वरांपुरते बसवलेले असते. सतारीच्या लांब मिंडीसाठी ते पाच किंवा सात अर्धस्वरांपर्यंत वाढवावे लागते; पण मर्यादा वाढली की काडीच्या थोड्या हालचालीत सूर खूप सरकतो आणि नेमक्या जागी थांबणे अवघड होते. चाक, काडी किंवा जॉयस्टिक यांची पकड म्हणूनच पट्टीच्या टचइतकीच तपासायला हवी. झी मराठीच्या ‘सारेगमप’मधून घरोघरी पोहोचलेले सत्यजित प्रभू यांचे वादन ऐकले, की सूर वाकवणारा डावा हात किती काम करतो हे लक्षात येते.

दुसरा प्रश्न श्रुतींचा. कीबोर्डचे बारा सूर समान अंतरावर लावलेले असतात. त्यात शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर (एक अर्धस्वर म्हणजे १०० सेंट) येतो. तानपुऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गांधार सुमारे ३८६वर असतो. पेटीवरचा हाच आक्षेप जुना आहे, आणि आकाशवाणीने १९४०पासून सुमारे तीन दशके पेटीला दूर ठेवले त्यामागेही तो होता. पेटी लावणाऱ्याला गांधार उतरवण्यासाठी रीड घासाव्या लागतात. बऱ्याच अरेंजरमध्ये स्केल ट्यूनिंगने गांधार १४, धैवत १६ आणि निषाद १२ सेंट उतरवता येतो. षड्ज बदलला की ही जुळणीही त्याबरोबर हलवावी लागते. शिवाय मागे कॉर्ड वाजत असतील तर त्यांचा गांधार आणि चालीचा गांधार एकमेकांना टोचतात. अशा वेळी स्टाइलमधले कॉर्डचे भाग बंद करून फक्त ताल आणि षड्ज-पंचम ठेवणे चांगले.

साथ कशी घडते

ताल आणि साथ पुरवणारा भाग हीच अरेंजरची ओळख. रोलंडने १९८८मध्ये ई-२० आणला आणि या वर्गाचे रूप पक्के होत गेले. एका स्टाइलमध्ये इंट्रो, मुख्य भागाचे काही प्रकार, फिल-इन आणि एंडिंग असते. यामाहाच्या स्टाइलमध्ये आठ भाग असतात : तालाचे दोन, बास, कॉर्डचे दोन, पॅड आणि फ्रेजचे दोन. हे भाग सहसा सी मेजर सेव्हन्थ या एकाच कॉर्डमध्ये लिहिलेले असतात. वादक जी कॉर्ड धरेल तिच्याप्रमाणे इंजिन सूर बदलते.

मराठी गाण्यांसाठी इथे ठेक्याचा प्रश्न येतो. केरवा आणि दादरा सहज मिळतात. भजनी ठेका, धुमाळी, रूपकाच्या सात मात्रा किंवा झपतालाच्या दहा मात्रा हव्या असतील, तर भारतासाठी काढलेली मॉडेले पाहावी लागतात किंवा स्टाइल स्वतः बनवावी लागते. कॅसिओच्या नावापुढे ‘आयएन’ असलेल्या मॉडेलांत भारतीय टोन आणि ठेके असतात. यामाहाच्या पीएसआर-आय५००मध्ये तबला-तानपुऱ्यासह रियाजाची सोय आहे. तबल्याच्या ठेक्यात खरी कसोटी बायाँची : सुट्या नमुन्यांनी बांधलेल्या ठेक्यात ‘घे’ची घसरण दर वेळी तशीच येते आणि कान लवकर कंटाळतो. अखंड ध्वनिमुद्रित ठेका अधिक जिवंत वाटतो, पण लय फार बदलली की त्याचा पोत बिघडतो. संथ सुरू होऊन द्रुतात जाणाऱ्या भजनाला म्हणून सुट्या नमुन्यांचा ठेका सोयीचा, तर एका लयीत चालणाऱ्या गाण्याला ध्वनिमुद्रित.

तुलना करताना

दोन कीबोर्ड शेजारी ठेवून पारखायचे असतील, तर कंपनीची डेमो गाणी बाजूला ठेवून काही ठरावीक गोष्टी वाजवाव्यात. काळी चारवरून एक सप्तक सावकाश, सारख्या आवाजात वाजवावे. पट्टीची खोली आणि टेकू लगेच कळतात. पियानोच्या एकाच सुरावर जोर हळूहळू वाढवत न्यावा. पातळ्यांची उडी ऐकू येते. सारंगीचा सूर दहा सेकंद धरावा. लूप उघडा पडतो. बासरीवर दोन सूर एकदा जोडून, एकदा तोडून वाजवावेत. शेवटी स्टाइल चालू ठेवून, पेडल दाबून भरगच्च कॉर्ड वाजवाव्यात आणि सूर तुटतात का ते पाहावे.

हे सगळे आधी हेडफोनवर आणि मग बाहेरच्या स्पीकरवर ऐकणे गरजेचे आहे. कीबोर्डमधले स्पीकर आवाजाला स्वतःचा रंग देतात, आणि नाट्यगृहात ते उपयोगी पडत नाहीत. मंचावरची ध्वनियंत्रणा अनेकदा मोनो असते. काही स्टिरिओ पियानो टोन मोनोत पोकळ वाटतात. कार्यक्रम करणाऱ्याने एकाच आउटपुटमधून आवाज ऐकून टोन निवडावेत.

जुना कीबोर्ड घेताना प्रत्येक पट्टी अगदी हळू दाबून पाहावी. धुळीचा थर रबराच्या संपर्कावर बसला, की एखादी पट्टी मुकी होते किंवा हळू दाबली तरी पूर्ण जोराने वाजते. कारखान्यांच्या आणि बांधकामांच्या धुळीत वाद्याला कव्हर घालणे ही सर्वांत स्वस्त देखभाल आहे. असा दोष बहुधा साफसफाईने किंवा रबराची पट्टिका बदलून जातो. त्यासाठी वाद्य टाकून द्यायची गरज नसते.

निवड शेवटी कामावरून ठरते. भजनी मंडळाला आणि नवशिक्याला भारतीय ठेके असलेला, टच बंद करता येणारा आणि एक्स्प्रेशन पेडल लावता येणारा हलका कीबोर्ड पुरेसा आहे. ऑर्केस्ट्रातल्या वादकाला १२८ आवाजांची पॉलिफनी, चटकन बदलणारे सेटअप आणि स्वतःचे भारतीय नमुने भरण्याची जागा लागते. ज्याला शहनाई, सारंगी, व्हायोलिन यांची गायकी अंगाची साथ करायची आहे, त्याने टोनांची संख्या कमी असली तरी आफ्टरटच आणि चांगले पिचबेंड असलेले वाद्य घ्यावे. पैसे मोजके असतील तर ते आधी पट्टीवर खर्च करावेत. टोन आणि स्टाइल बऱ्याच वाद्यांत पुढे भरता येतात, पट्टी मात्र वाद्याबरोबर येते तीच राहते.